खालच्या कुंडाची साक्ष

शिगे आपल्यापासून काहीतरी लपवते आहे, हे तोमेला पहिल्यांदा कळलं ते कापडावरच्या डागांवरून.

डाग गंजाचे होते. डोंगराच्या चिरेतल्या ऊन कुंडांचं पाणी तसंच, तांबूस आणि लोखंडाच्या वासाचं. पांढरं कापड एकदा त्यात बुडालं की जन्मात पुन्हा पांढरं होत नाही. बेटावर घराघरांत असली डागाळलेली फडकी वाळत असतात, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण शिगेच्या डोक्याच्या फडक्यावरचे डाग ताजे होते, आणि गेला महिनाभर शिगे कुंडावर आंघोळीला आलेलीच नव्हती. हे तोमेला पक्कं ठाऊक होतं, कारण यंदा कुंडांची राखण तिच्या घराकडे आली होती. कोण येतं, कोण किती वेळ बसतं, कोण कोणाची उणीदुणी काढतं, सगळं तिच्या डोळ्यांदेखत. मग ही बाई कुंडावर जाते तरी केव्हा?

"शिगे, हल्ली कुंडावर दिसत नाहीस?" एकदा जाळीच्या पिशव्या शिवता शिवता तिने विचारलं.

शिगे उत्तर न देता टाके घालत राहिली. तोमेने पुन्हा विचारलं, तेव्हा दचकून म्हणाली, "अं? वेळ कुठाय?"

वेळ नाही म्हणे! नवरा युद्धातल्या जहाजाबरोबर बुडालेला, मूलबाळ नाही, घरात खाणारं तोंड एक. तोमेचा नवरा बोनिटो माशांच्या मागे सहा-सहा महिने समुद्रात असायचा, घरी अंथरुणाला खिळलेली सासू, तरी तिला वेळ मिळत होता. तोमेच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दोघी तीस वर्षं एका होडीत होत्या. एकीने कमरेला दोरी बांधून शेवाळ काढायला समुद्राच्या तळाशी जायचं, दुसरीने वर होडीत बसून दोरी हातात धरायची. खालच्या बाईचा श्वास संपत आला की ती दोरीला हिसका देते, वरची ताबडतोब ओढते. मग दोघींनी जागा बदलायच्या. असं हजारो वेळा झालं होतं. दोरी कोणाच्या हातात आहे याचा विचार तोमेने तीस वर्षांत एकदाही केला नव्हता, इतका तो हात तिला आपलाच वाटायचा.

आणि आता तीच शिगे तोंड चुकवत होती. मागून हाक मारली तर वळून पाहत नव्हती. दुपारी रताळी खायला शेजारी बसत नव्हती. बसलीच तर मुद्दाम उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची. हवेने चांगली ऊब धरली होती, बायका डोकी उघडी टाकून फिरत होत्या, आणि हिचं फडकं कानांवरून घट्ट आवळून हनुवटीखाली गाठ मारलेलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. कुठे, एवढंच तोमेला कळत नव्हतं, आणि ते न कळणं तिला रोज थोडं थोडं कुरतडत होतं.

सुगी तोंडावर आली होती. तेंगुसा नावाचं लाल शेवाळ, ज्याच्या खळीपासून शहरातल्या मिठाईवाल्यांची जेली होते, ते खडकांवर गुडघाभर वाढलं होतं. पण गावच्या मच्छीमार सोसायटीच्या काठीवर निशाण चढेपर्यंत त्याच्या एका काडीला हात लावायचा नाही, हा गावाचा कायदा. त्याला समुद्र उघडणं म्हणतात. समुद्र उघडायच्या आधी जो हात घालील, त्याच्या नावाची लाकडी पाटी सोसायटीच्या भिंतीवर उलटी केली जाते. पाटी उलटली की दोन सुग्या त्या माणसाला ना समुद्र, ना किनारा. लाटेने काठावर आणून टाकलेलं शेवाळसुद्धा उचलायचं नाही. मरणापेक्षा ते वाईट, असं बायका म्हणायच्या, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

निशाण चढायच्या आदल्या दिवशी, भर दुपारच्या ओहोटीला, सगळं गाव वाळवणीच्या मैदानावर होतं. कोणी खडे वेचत होतं, कोणी चटया झटकत होतं. तेवढ्यात कड्यावर पहाऱ्याला बसलेला म्हातारा तोकुजी बोंब मारत खाली आला.

"कासवावर कोणीतरी आहे रे! पांढरं फडकं! शेवाळ ओरबाडतंय!"

कासव म्हणजे चिरेच्या तोंडापलीकडचा मोठा खडक. सगळ्यांत दाट शेवाळ तिथेच. बापे माणसं धावत वळसा घालून पोहोचली, तोवर तिथे चिटपाखरू नव्हतं. मात्र चटईभर जागा खरवडून बोडकी केलेली. मग माणसं मोजायला सुरुवात झाली. मैदानावर प्रत्येक घरचं माणूस होतं. नव्हती एकटी शिगे.

तिसऱ्या प्रहरी सोसायटीच्या पडवीत सभा बसली. सोसायटीचे प्रमुख सेन्झो-सान भिंतीजवळ, त्यांच्या डोक्यावर नावांच्या पाट्या ओळीने टांगलेल्या. सेन्झो-सान तसे मऊ स्वभावाचे, पण कायद्याची गोष्ट आली की त्यांचा चेहरा दगडी व्हायचा. आधीच त्यांनी बजावलं, "जे बोलायचं ते नीट तोलून बोला. खोट्या साक्षीची पाटीही उलटते, हे लक्षात असू द्या." मग डावीकडे बसलेल्या शिगेकडे वळून त्यांनी विचारलं, "दुपारी कुठे होतीस?"

शिगे समोर बघत राहिली.

"ऐकू येत नाही, की ऐकायचं नाही?" मागून कुमा ओरडली. कुमाचा आवाज म्हणजे होडीचा भोंगा. गावात काही घडलं की सगळ्यांत आधी तिला कळायचं, आणि तिच्यामुळे बाकीच्यांना.

सेन्झो-सान मोठ्याने म्हणाले, "शिगे! तुलाच विचारतोय. दुपारी कुठे होतीस?"

शिगे चमकून वळली. "मी? चिरेत होते. कुंडावर."

"कुठल्या कुंडावर?"

"खालच्या."

"काय करत होतीस तिथे?"

"बसले होते."

"पाण्यात?"

"पाण्यात."

पडवी हसली. हसणारच. चिरेत तीन कुंडं एकाखाली एक. वरच्यात डोंगराचं पाणी उकळ्या फोडत येतं, मधल्यात अंडी शिजतात, आणि खालच्यात, समुद्र जवळ असल्यामुळे, माणसं बसतात. पण ती भरतीला. भरतीचं थंड पाणी आत शिरून वरच्या कढत पाण्यात मिसळलं की दीड-दोन तास ते अंगाला सोसतं. ओहोटीला समुद्र निघून जातो, आणि मागे उरतं नुसतं डोंगराचं पाणी. बेटावरचं पोर बोलायला लागायच्या आधी हे शिकतं.

"मग शिजली कशी नाहीस गं?" कुमा म्हणाली. "आम्ही ओहोटीला तिथे खेकडा टाकला तर एवढ्यात लाल होतो. तू तर आहेस तशीच पिवळी!"

"मी बसले होते," शिगे पुन्हा म्हणाली.

"सगळं गाव भरतीला जातं. तू ओहोटीला का गेलीस?" सेन्झो-सान.

शिगेचा हात फडक्याच्या गाठीकडे गेला आणि परत मांडीवर आला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला सांगण्यासारखं कारण असतं तो ते सांगतो, असा साधा हिशेब सगळ्यांनी मनात करून टाकला.

"तोमे," सेन्झो-सान म्हणाले, "यंदाची राखणदार तू. तूच सांग. दुपारच्या ओहोटीला खालचं कुंड कसं असतं?"

शिगेने मान वळवून तोमेच्या तोंडाकडे पाहिलं.

तोमेला म्हणता आलं असतं, बघून सांगते. कुंड काही पळून जात नव्हतं. पण ते तिच्या मनातच आलं नाही. सात वर्षांची असताना ओहोटीला तिचा पाय त्या कुंडात गेला होता. पोटरीपासून घोट्यापर्यंत चामडं मोज्यासारखं उतरलं होतं, अजून थंडीत तो व्रण ठणकायचा. आणि खरं सांगायचं तर, महिनाभर आतल्या आत साठलेला राग बाहेर यायला वाट शोधत होता. तोंड चुकवतेस काय? माझ्याशी?

"कातडी सोलून निघेल," तोमे म्हणाली. "कोणी म्हणता कोणी बसू शकणार नाही."

झालं. सेन्झो-साननी उठून शिगेची पाटी खुंटीवरून काढली आणि नाव भिंतीकडे करून पुन्हा टांगली. शिगे उठली, वाकून नमस्कार केला, आणि कोणाकडे न बघता निघून गेली. वाटेत तोमेने तिला हाक मारली होती की नव्हती, हे नंतर तोमेला आठवेना.

दुसऱ्या दिवशी निशाण चढलं. तोमेची दोरी आता कुमाच्या हातात होती. कुमा बाई कामाची, पण तिचं लक्ष निम्मं दोरीवर, निम्मं शेजारच्या होडीतल्या गप्पांवर. एकदा तिने तोमे तळाला पोहोचायच्या आत ओढलं, एकदा हिसका दिल्यावर विचारलं, "आं? ओढू का?" तोमे वर आली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"शिगे ओढायची तसं नाही जमत हो आम्हाला," कुमा म्हणाली. "पण आम्ही चोर तरी नाही."

तोमेच्या मनातून संशय काही हटेना, उलट वाढतच गेला. शिगेच्या घराची झडती झाली होती, शेवाळाची काडी सापडली नव्हती. चटईभर जागेतलं ओलं शेवाळ म्हणजे दोन चांगले भारे. एकटी बाई ते भर दिवसा घेऊन जाणार कुठे? म्हणजे ते चिरेतच असणार, कुठल्या तरी कपारीत कोंबलेलं. म्हणूनच ओहोटीच्या चकरा, म्हणूनच ताजे डाग. किती दिवस चालू होतं हे कोणास ठाऊक! आपण कुंडांची राखण करत होतो आणि आपल्या नाकाखाली ही बाई भारे लपवत होती, या विचाराने तोमेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाचव्या दिवशी समुद्र खवळला, होड्या काठावरच राहिल्या. तोमेने सासूला भरवलं, गवती चपला चढवल्या आणि कलत्या दुपारच्या ओहोटीला चिरेकडे निघाली. चीर म्हणजे डोंगराला कुऱ्हाडीने फोडल्यासारखी उभी फट. दोनशे पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि खाली पोहोचलं की वर आभाळाची नुसती एक पट्टी दिसते. ओहोटीला इथे कोणी येत नाही. येणार कशाला? वाफ, गंधकाचा वास, आणि काळे खडक.

तिने वरच्या कुंडापासून सुरुवात केली. कपारींत हात घालून पाहिले, सैल दगड उचलून पाहिले. खेकडे पळाले, बाकी काही नाही. खालच्या कुंडाच्या अंगाला छातीएवढ्या उंचीवर एक कोनाडा होता, त्यात काहीतरी पांढरं दिसलं. "सापडलं!" ती स्वतःशीच म्हणाली, आणि कुंडाच्या काठावरून पाय लांब टाकून वाकली.

चप्पल शेवाळलेल्या दगडावरून सटकली आणि तोमे सगळीच्या सगळी खालच्या कुंडात पडली.

ती किंचाळली. अशी किंचाळली की कड्यावरचे पक्षी उडाले. पाण्यात हातपाय झाडत, आता आपलं सोललेलं अंग लोकांना पायऱ्यांवरून वर न्यावं लागणार, सासूला कोण भरवणार, असलं सगळं एका दमात तिच्या मनात येऊन गेलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की काहीच भाजत नाहीये.

पाणी ऊन होतं. हिवाळ्यात घरच्या टपात असतं तेवढं, फार तर थोडं जास्त. खांद्यापर्यंत पाण्यात तोमे बसून राहिली, तोंड उघडं, किंकाळी अर्धी घशात. समोर समुद्र पार खाली गेलेला होता, खडकांचे पाय उघडे पडलेले. पूर्ण ओहोटी. आणि ती खालच्या कुंडात बसली होती.

बऱ्याच वेळाने तिने तळ चाचपला. समुद्राकडच्या भिंतीत, अगदी बुडाशी, तळहाताएवढी एक फट असते. भरतीचं पाणी ओहोटीबरोबर त्या फटीतून निघून जातं, म्हणून तर कुंड कढत होतं. ती फट आता बारीक खडीने ठासून भरली होती. हिवाळ्यातल्या वादळाने भरली असणार. भरतीचं पाणी काठावरून आत येत होतं आणि बाहेर जातच नव्हतं. दोन-तीन महिने असंच चाललं असेल, आणि गावात एकाला पत्ता नव्हता. भरतीला बसणाऱ्यांना फरक कळायचं कारण नव्हतं, आणि ओहोटीला हात घालून बघायची गरज कोणाला वाटली नव्हती, कारण ओहोटीला पाणी कसं असतं हे सगळ्यांना माहीतच होतं.

बसल्या जागेवरून कोनाड्यापर्यंत हात पोहोचत होता. आत शेवाळ नव्हतं. धुऊन घडी घातलेल्या चिंध्या होत्या आणि तेलाची एक वाटी. सगळ्यांत वरची चिंधी नीट धुतलेली नव्हती. तोमेने ती नाकाशी नेली आणि लगेच दूर धरली. पाणबुड्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. तिच्या आईचा कान असाच सडला होता. वर्षभर वाहिला आणि मग कायमचा बंद झाला.

कान फुटलेली बाई खाली जाऊ शकत नाही. कळलं तर तिची जोडीदारीण दुसरी बाई बघते, आणि सोसायटी पाणबुड्यांच्या यादीतून नाव काढते. म्हणून शिगे कोणी नसेल तेव्हा, ओहोटीला, इथे येत होती; पाणी बदललंय हे तिने कधीतरी हात घालून पाहिलं असणार. ऊन पाण्यात बसून कान शेकत होती, निशाण चढायच्या आत बरा होईल या आशेने. म्हणून हाका मारल्या तरी वळत नव्हती, म्हणून जागा बदलून बसत होती. आणि तोमे, तीस वर्षांची सोबतीण, महिनाभर त्या बाईच्या फडक्यावरचे डाग मोजत बसली होती.

तोमेला रडू आलं. पण माणूस मोठं विचित्र असतं. रडता रडताच तिचा हात पुन्हा त्या फटीकडे गेला. तिच्या मनात आलं, ही खडी काढून टाकली तर? दहा-बारा मुठी, जास्त नाही. पाणी निघून जाईल, उद्या दुपारपर्यंत कुंड पहिल्यासारखं कढत होईल, आणि आपण जे बोललो ते खरं ठरेल. खोट्या साक्षीची पाटी उलटते. घरी सासू आहे. शिगेचं जे व्हायचं ते होऊन गेलं. इथे कोणी पाहत नाहीये.

तिने एक मूठ खडी काढली. दुसरी काढली. तिसऱ्या मुठीला फटीतून पाणी ओढल्याचं बोटांना जाणवलं, आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने तिन्ही मुठी पुन्हा जागच्या जागी ठासल्या आणि वर टाच मारून दाबल्या. मग ती तशीच ओल्या, तांबूस झालेल्या कपड्यांनी दोनशे पायऱ्या चढून गावात गेली.

"सेन्झो-सान! चला. आत्ता चला. भरती लागायच्या आत."

"अगं, झालं काय? अशी भिजलीस कशाने?"

"कुंडाने. चला म्हणते ना! सगळ्यांना बोलवा."

गाव कुरकुरत आलं. होड्या बंद होत्या, नाहीतरी कोणाला काम नव्हतं. पायऱ्यांवर, खडकांवर, जागा मिळेल तिथे माणसं उभी राहिली. तोमे सगळ्यांसमोर खालच्या कुंडात उतरली आणि गळ्यापर्यंत बसली. दोन-तीन बायकांनी डोळ्यांवर हात घेतले.

"बाहेर ये, वेडे!" म्हातारा तोकुजी ओरडला.

"आजोबा, तुम्हीच आत या. पाठ शेकून निघेल तुमची."

सेन्झो-साननी आधी एक बोट बुडवलं. मग हात. मग बाही वर सरकवून कोपरापर्यंत. कितीतरी वेळ ते तसेच हात पाण्यात ठेवून बसले होते.

"मी न बघता बोलले," तोमे म्हणाली. "शिगे खरं सांगत होती. माझी पाटी उलटा."

शेवटी कुमानेच तोंड उघडलं. "मग कासवावर कोण होतं?"

पायऱ्यांवर खेटून उभ्या असलेल्या बायका हळूच एकमेकींपासून जराशा लांब झाल्या. कोण होतं ते पुढेही कधी कळलं नाही. त्या सुगीत गावातल्या प्रत्येक घराने शेजारच्या घराच्या चटया जरा जास्तच निरखून पाहिल्या.

सेन्झो-सान तोमेला म्हणाले, "आपण सगळेच न बघता बोललो. हसलो तर मीही होतो. सगळ्यांच्या पाट्या उलटायच्या तर समुद्रात जाणार कोण?" शिगेची पाटी त्यांनी त्याच दिवशी सुलटी केली. तोमेची होती तशीच राहिली. त्याने तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

संध्याकाळी ती शिगेच्या दारात गेली. शिगे चुलीपुढे रताळी सोलत होती. तोमे मुद्दाम तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसली. शिगेच्या ते लक्षात आलं.

"कळलं म्हणायचं," शिगे म्हणाली.

"चिंध्या पाहिल्या." तोमेने घसा साफ केला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू कुमाला घेतलं असतंस."

"नसतं घेतलं."

"चार दिवस तिच्याच हातात दोरी होती ना?"

रताळ्याची साल सोलली जात राहिली.

"कान गेलाच आहे," शिगे म्हणाली. "सोसायटीला उद्या सांगते. आता लपवून काय करायचंय? खाली मी जाणार नाही. पण दोरी धरता येते मला. तुला चालत असेल तर."

"चालत असेल तर काय म्हणतेस? पहाटे येते होडी घेऊन."

"ये," शिगे म्हणाली. तिने तोमेला रताळं दिलं नाही, आणि तोमेने मागितलं नाही.

सकाळी समुद्र निवला होता. कासवाच्या पलीकडे, पाच वाव खोल पाण्यावर त्यांनी होडी थांबवली. तोमेने कमरेला दोरी बांधली, पोटाशी दगड धरला आणि खाली गेली. तळाशी शेवाळ दाट होतं. तिने दोन्ही हातांनी ओरबाडून पिशवी भरली, छातीत जळजळ सुरू झाली तसा दोरीला हिसका दिला.

दोरी सैलच राहिली.

असं तीस वर्षांत कधी झालं नव्हतं. हिसका दिला की शिगेचा हात त्याच क्षणी यायचा. तोमेने वर पाहिलं. होडीचं काळं बूड तिच्या डोक्यावर तरंगत होतं, आणि कडेवरून वाकलेली एक सावली. ती पाहत होती. पाहत होती आणि ओढत नव्हती. ही आपल्याला सोडणार, तोमेला वाटलं. का सोडू नये तिने? पिशवी टाकून पाय मारावे असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात कमरेला कचका बसला आणि ती भराभर वर खेचली गेली.

होडीच्या कडेला लटकून तिने श्वास घेतला, शीळ घातल्यासारखा. शिगेने पिशवी आत ओढली, पाणी निथळू दिलं.

"घाबरलीस?"

"नाही," तोमे म्हणाली.

"खोटं बोलतेस." शिगेच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तोमेला जास्त लागलं. "तीन आकडे मोजले मी. एक, दोन, तीन. जास्त नाही. सभेत सेन्झो-साननी तुला विचारलं तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. तू एकसुद्धा मोजला नाहीस. लगेच बोललीस. तीन आकडे तरी थांबायचं होतंस गं, माझ्यासाठी."

पाणी तिच्या डोळ्यांतून वाहत होतं, समुद्राचं आणि तिचं, दोन्ही.

"जा आता," शिगे म्हणाली. "या खेपेला लगेच ओढीन."

तोमेने दगड घेतला. खाली जायच्या आधी तिचा हात नकळत कमरेच्या गाठीवर गेला, पक्की आहे ना बघायला. शिगेने ते पाहिलं. शिगेने पाहिलं हे तोमेनेही पाहिलं. मग तोमे खाली गेली.